परसातली अनीस: इंदूरच्या एका हिवाळ्याच्या नोंदी

६ ऑक्टोबर

या हिवाळ्यात पूर्वेकडच्या वाफ्यात अनीस लावायची, म्हणजे बडीशेपेसारखाच पण वेगळा दाणा देणारं मसाल्याचं झाड. शेजारच्या अर्ध्या वाफ्यात नेहमीची बडीशेप, ताडून बघायला.

कारण लिहून ठेवते. मी घरी टोस्ट आणि नानकटाई भाजून विकते. सौंफ, म्हणजे बडीशेप, घातलेला टोस्ट इंदूरला कुणालाही आवडतो. इथल्या पोह्यांतसुद्धा सौंफ असते, त्यामुळे ती चव आपल्या जिभेला लहानपणापासूनची. पण अनीस घालून भाजलेला टोस्ट खाल्ला की फरक लगेच कळतो. गोडवा जास्त, आणि बडीशेपेत शेवटी जो कापराच्या वळणाचा किंचित कडवटपणा येतो तो इथे नाही. तो कडवटपणा फेन्कोन या घटकाचा. मुख्य सुगंध मात्र दोन्हींत एकाच द्रव्याचा, अ‍ॅनेथॉलचा. अनीसच्या तेलात ते ८० टक्क्यांहून जास्त असतं, बडीशेपेत बहुधा त्याहून कमी. चक्रीफुलातही तेच द्रव्य, पण ते चीन-व्हिएतनामकडच्या एका झाडाचं फळ, या दोघींशी त्याचं कुळ जुळत नाही. अनीस आणि बडीशेप या गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, शेपू यांच्या कुळातल्या.

अनीस मूळची पूर्व भूमध्य सागराच्या काठची आणि पश्चिम आशियातली. वर्षायू झाड, उंची दीड ते दोन फूट. पेरणीपासून दाणा पिकेपर्यंत चार महिने तरी लागतात, आणि त्या काळात कडाक्याचा पाला (गोठलेलं दव) नको, भाजणारं ऊनही नको. म्हणजे माळव्यात तिच्यासाठी एकच फट आहे, ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यापासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने रात्री छान गार पडतात, डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास येतो. पण मार्चच्या अखेरीला दुपार ३५-३६ वर जाते आणि एप्रिलमध्ये ४० ला टेकते. दाणा भरत असताना ते ऊन लागलं तर दाणे पोचट राहतात. म्हणून हिशोब उलटा धरायचा. २० मार्चला पहिली कापणी हवी, तर दाणा भरायला फेब्रुवारीची अखेर आणि मार्चची सुरुवात मिळाली पाहिजे, फुलं फेब्रुवारीच्या मध्याला आली पाहिजेत, आणि पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली पाहिजे.

हा हिशोब खरा की नुसता कागदावरचा, हे बघायला एक ओळ मुद्दाम उशिरा पेरणार आहे.

९ ऑक्टोबर

बियाण्यासाठी सियागंजला गेले. मसाल्याच्या दुकानात 'अनीस' म्हटलं की बारीक हिरवी सौंफ पुढे येते. ती छानच असते, पण ती बडीशेपच, लवकर तोडून सावलीत वाळवलेली. शेवटी युनानी औषधं ठेवणाऱ्या एका पंसाऱ्याकडे 'अनीसून' मागितली, तेव्हा योग्य पुडी मिळाली. त्याच्याआधी एका कंपनीचं पाकीट घरपोच मागवलं होतं. त्यावर अनीस लिहिलेलं, चित्र पांढऱ्या फुलांचं, आत मात्र स्वच्छ बडीशेप.

भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. बडीशेपेचा दाणा लांबट, गुळगुळीत, उठावदार शिरांचा. अनीसचा दाणा जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, बुडाशी फुगीर आणि टोकाला निमुळता, राखाडी-हिरवट, आणि अंगावर अगदी आखूड लव. पुष्कळ दाण्यांना देठाचा बारीक तुकडा चिकटलेला असतो. ही लव आणि हा देठ बघितल्याशिवाय बी घेऊ नये असं मी सांगेन. पाकिटावरच्या नावावर सगळा हंगाम टांगू नये.

पंसाऱ्याकडचं बी औषधासाठी आणलेलं, किती जुनं ते तोही सांगू शकत नाही. अनीसच्या बियांची उगवणशक्ती दोन-तीन वर्षांत बरीच घटते. त्यामुळे आधी उगवण तपासायची. ओल्या सुती फडक्यावर दाणे पसरले, घडी घातली, स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण अर्धवट लावलं. डबा स्वयंपाकघराच्या थंड कोपऱ्यात.

अजमेरजवळ ताबीजीला राष्ट्रीय बीजीय मसाले संशोधन केंद्र आहे आणि तिथून अनीसचं 'अजमेर अनीस-१' हे वाण आलेलं आहे. ओळखीचं कुणी तिकडे जाणार असेल तर पुढच्या वर्षासाठी चौकशी करायला सांगायची.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याची धावपळ संपली. आज माती.

आपली काळी माती कापसाला आणि सोयाबीनला चांगली, पण अनीससाठी जड. ओली असताना चिकट, वाळली की भेगा, आणि वर पापडी धरते. अनीसचा अंकुर इतका नाजूक की ती पापडी त्याला फोडता येत नाही. शिवाय झाडाला सोटमूळ असतं, खाली घट्ट चिखल असेल तर ते कुजतं. म्हणून गादीवाफा केला, जमिनीपासून वीतभर उंच. दोन भाग खणलेली काळी माती, एक भाग नर्मदेची जाड वाळू (बांधकामातली उरलेली, धुऊन घेतली), एक भाग चाळलेलं कंपोस्ट. थोडी राख. ओली मूठ दाबून सोडली की ढेकूळ बोटाच्या धक्क्याने फुटायला हवं. तिसऱ्यांदा वाळू घातल्यावर तसं झालं.

कंपोस्ट शेजारच्या काकांचं. काका कृषी महाविद्यालयात नोकरीला होते, आता निवृत्त. त्यांच्या खड्ड्याला ते अजून 'इंदूर पद्धत' म्हणतात, आणि त्यांना तो अधिकार आहे. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते, इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत, आणि आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर उभं आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर, ठरावीक काळाने तीनदा परतणं, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली ही पद्धत पुस्तकरूपाने आली तेव्हा हॉवर्ड यांच्यासोबत लेखक म्हणून यशवंत वाड यांचंही नाव होतं. जगभर सेंद्रिय शेतीची माणसं 'इंदूर कंपोस्ट' म्हणतात, आणि आपल्या गल्लीत वाडांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. मला हे फार लागतं. काका म्हणाले, "तू वहीत लिहून ठेव, तेवढं पुरे." लिहिलं.

काकांचा सल्ला: खत बेताने. नत्र जास्त झालं तर पालाच माजतो, दांडा पोकळ राहतो आणि फुलोऱ्याच्या वजनाने झाड आडवं होतं.

२२ ऑक्टोबर

डब्यातल्या दाण्यांतून निम्म्याहून थोडे जास्त उगवले. औषधी बियांच्या मानाने समाधानकारक. म्हणजे पेरताना दाट पेरायचं आणि नंतर विरळायचं.

२७ ऑक्टोबर

पाव-केकसाठी घेतलेला टोकदार थर्मामीटर वाफ्यात दोन इंच खोल रोवला. सकाळी नऊला २६ अंश. अनीसला मातीत १८ ते २१ अंश लागतात, त्याहून जास्त उष्णतेत उगवण रेंगाळते. काल-परवाच पेरून मोकळं व्हावं असं घरात सगळ्यांचं मत होतं, दिवाळीत कुणाला वेळ असणार म्हणून. थांबले. वाफ्यावर पाणी शिंपून जुनं गोणपाट टाकलं, म्हणजे माती गार राहील आणि जे तण उगवायचं ते आधीच उगवून जाईल.

५ नोव्हेंबर

पेरणी.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि थर्मामीटरने सकाळी २१ दाखवले. गोणपाट काढलं, उगवलेलं तण हाताने उपटलं.

एक-एक फुटावर ओळी. खुरप्याच्या टोकाने जेमतेम एक सेंटीमीटर खोल रेघ. दाणे वाळूत कालवून सोडले म्हणजे एका जागी ढीग पडत नाही. वरून काळी माती घातली नाही, वाळू आणि चाळलेलं कंपोस्ट घातलं, म्हणजे पापडीचा प्रश्नच नाही. तळहाताने हलकं दाबलं. बारीक भोकांच्या झारीने पाणी. नळीची धार सोडली असती तर दाणे वाहून एका कोपऱ्यात गोळा झाले असते.

बडीशेप पलीकडच्या भागात, दीड फुटाच्या अंतराने, कारण ती माणसाएवढी वाढते. गच्चीवर एका फूटभर खोल बादलीतही थोडी अनीस टाकली. ज्यांच्याकडे परस नाही त्यांना सांगता यावं म्हणून. बादलीच्या बुडाला भोकं, त्यावर विटांचे तुकडे, वर तेच मिश्रण.

तिसरी ओळ रिकामी ठेवली आहे, उशिराच्या पेरणीसाठी.

१४ नोव्हेंबर

बडीशेप वर आली. अनीसचा पत्ता नाही. माती रोज सकाळी ओलसर ठेवते आहे.

१९ नोव्हेंबर

आली! सकाळी पाणी घालायला वाकले तर पहिल्या ओळीत हिरवी रेघ. बीजपत्रं अरुंद, लांबट, फिकी. बादलीतली एक दिवस आधीच उगवली होती, गच्चीवर ऊन लवकर पोचतं.

बुलबुल आणि चिमण्या कोवळे शेंडे खुडतात, म्हणून वाफ्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काड्यांवर ताणला.

२४ नोव्हेंबर

तिसरी ओळ पेरली. तीच माती, तेच बी, तीच खोली. फरक फक्त तारखेचा.

१ डिसेंबर

पहिलं खरं पान आलं आणि दोघींचा फरक उघड झाला. बडीशेपेचं पहिलंच पान दोऱ्यासारखं चिरलेलं. अनीसचं पहिलं पान मात्र गोलसर, कडेला दातेरी, कोवळ्या कोथिंबिरीची आठवण देणारं. वहिनींनी तर वाफ्यात कोथिंबीर उगवल्याचं जाहीर केलं. पान चुरून वास दिला तेव्हा त्यांचा विश्वास बसला. पिसांसारखी बारीक पानं अनीसला येतात, पण ती वरच्या दांड्यावर, फुलं जवळ आल्यावर. त्यामुळे दुकानातलं बी शंकास्पद असेल तर महिन्याभराच्या रोपातच निकाल लागतो.

आज विरळणी. दोन रोपांत साधारण वीतभर अंतर ठेवलं. शेजारचं मूळ हलू नये म्हणून जादा रोपं उपटली नाहीत, कात्रीने मातीलगत छाटली. वाफ्याच्या टोकाची थोडी मात्र वहिनींसाठी मातीसकट उचलली. त्या म्हणाल्या, "टाकून कशाला द्यायची? माझ्या कुंडीत लावते." मी म्हटलं, "वहिनी, हिला सोटमूळ आहे, जागा बदललेली सहसा मानवत नाही." त्या म्हणाल्या, "बघू तर खरं." बघूच.

तण आता अनीसपेक्षा जोरात आहे. पहिले दोन महिने ही रोपं फार हळू वाढतात आणि तण त्यांच्या डोक्यावरून जातं. आठवड्यातून एकदा बोटांनीच खुरपणी, अवजार न लावता.

१५ डिसेंबर

थंडीची लाट. रात्री अंगणात श्वासाची वाफ दिसत होती. रोपं जागच्या जागी थांबल्यासारखी, पण पानांचा रंग गडद आणि निरोगी. वरची माती बोटाच्या पेराएवढी वाळली की मगच पाणी.

काका सांगतात, मोकळ्या शेतात अशा रात्री पाला पडला, दव गोठलं, की हरभरा आणि बटाटा काळा पडतो. अनीसही त्याला सोसणारी नाही. शहरात घरांच्या भिंतींचा उबारा असतो, तरी सावधगिरी म्हणून दोन रात्री संध्याकाळी हलकं पाणी दिलं आणि मच्छरदाणीवर चादर टाकली. ओली माती दिवसाची ऊब रात्री जास्त वेळ धरून ठेवते.

२८ डिसेंबर

मावठा. काल दुपारपासून ढग, रात्रभर पाऊस, आज सकाळीही भुरभुर. गव्हाच्या शेतकऱ्यांना हवाहवासा, माझ्या वाफ्याला नको तेवढा. गादीवाफा उंच केल्याचा फायदा आज दिसला, पाणी दोन्ही बाजूंनी निथळून गेलं. बडीशेपेच्या सखल भागात मात्र डबकं साचलं होतं, तिथे चर काढून दिला. चादर आणि मच्छरदाणी काढून टाकली, ओल्या कापडाखाली हवा कोंडली की भुरी आणि मूळकूज दोन्ही येतात.

आता आठवडाभर पाणी बंद.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी तिळगूळ, दुपारी गच्चीवर पतंग, आणि वाफ्यात पानांचा गुच्छ वीतभर झालेला. खालची पानं अजून गोल, त्यांच्यावर आलेली तीन भागांची. कोवळी पानं तोडून कोशिंबिरीत घातली. आईंना (सासूबाईंना) खूप आवडली. त्यांनी गाजराच्या कोशिंबिरीत घातली, तीळ आणि लिंबाबरोबर. पानं तोडायची तर प्रत्येक झाडाची एक-दोनच, बाहेरची.

वहिनींच्या कुंडीतली रोपं: निम्मी दुसऱ्या आठवड्यातच सुकली. उरलेली जिवंत, पण बोटभर उंचीची. त्याच दिवशी पेरलेली, त्याच वाफ्यातली. अनीस ज्या जागी वाढवायची त्याच जागी पेरा, हे यापुढे कुणालाही ठामपणे सांगेन. ज्यांना रोपं करायचीच असतील त्यांनी कागदाच्या पुंगळीत बी पेरून पुंगळीसकट लावावं, म्हणजे मूळ उघडं पडत नाही.

उशिराची ओळ अजून लहान आहे. तिचं सगळं बालपण थंडीत गेलं.

२ फेब्रुवारी

दांडे वर सरकले. गेल्या दहा-बारा दिवसांत जेवढी वाढ झाली तेवढी आधीच्या महिनाभरात नव्हती. वरच्या पानांचे आता बारीक बारीक तुकडे झालेले.

दांडे सडपातळ आहेत आणि या दिवसांत दुपारी वारा सुटतो. बुडाशी दोन बोटं मातीची भर दिली. ओळीच्या दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या ठोकून त्यांच्यात दोन उंचींवर सुतळी ताणली. झाडं एकमेकांना आणि सुतळीला टेकून उभी राहतात, एकेकट्या झाडाला आधार द्यावा लागत नाही. जवळजवळ पेरण्याचा हाही फायदा.

१६ फेब्रुवारी

अनीस फुलली.

हिशोबातल्या तारखेच्या अगदी जवळ. दांड्याच्या टोकाला छत्र, त्याच्या प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा छोटं छत्र, आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं. बडीशेपेला अजून कळ्याही नाहीत. तिची फुलं पिवळी येतील, म्हणजे ज्यांना बी, पान, वास कशानेच ओळखता आलं नाही त्यांना आता तरी शंका राहू नये.

सकाळी दहाला वाफ्याजवळ बसून राहिले. फुलोरी मधमाशी, त्याहून लहान डंख नसलेल्या माश्या, आणि मधमाशीसारख्या पट्ट्यांची पण हवेत एका जागी तरंगणारी सिरफिड माशी. अनीसच्या फुलात परागकोश आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर पोचवायला हे पाहुणे लागतातच. या दिवसांत बागेत कुठलंही विष फवारलं तर दाण्यालाच मुकाल. मुलीने विचारलं, दोन वाफे इतके जवळ, मग अनीस आणि बडीशेपेचा संकर नाही का होणार? नाही. कुळ एक असलं तरी वंश वेगळे आहेत. शिवाय फुलायच्या वेळाही वेगळ्या.

फुलं असेपर्यंत पाण्याचा ताण नको. दर चौथ्या दिवशी, बुडाशी, फुलोरा न भिजवता.

२३ फेब्रुवारी

मावा. मधल्या ओळीतल्या चार-पाच झाडांच्या छत्राखाली हिरवट थर, हाताला चिकट. मुंग्या वर-खाली फिरताहेत. घाबरायचं कारण नव्हतं, कारण त्याच झाडांवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे चित्तांग भुंगेरे आणि त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्याही होत्या. एक अळी दिवसाला कितीतरी मावा फस्त करते. सिरफिड माशीच्या अळ्याही तेच खातात, म्हणजे मागच्या आठवड्यातले पाहुणे आता कामाला लागले.

जिथे मावा फारच दाट होता तेवढ्याच छत्रांना खालून बोटांनी पुसून काढलं. एक छत्र कापून टाकलं. बडीशेपेच्या न फुललेल्या शेंड्यांवर निंबोळी तेल, एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर आणि साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी. उघड्या फुलांवर तेही नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. ठंडाईसाठी सौंफ वाटताना आई म्हणाल्या, "तुझ्या अनीसची नाही का घालत?" दाणा अजून दुधात आहे.

८ मार्च

हिरवे दाणे. फूल गळून तिथे जोडदाणा धरतो, दोन अर्धे एकमेकांना चिकटलेले. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर फळ. हिरवा दाणा चावला की तोंडभर गोडवा, आणि तो बराच वेळ टिकतो. पहिल्या पेरणीच्या झाडांचं मधलं छत्र सर्वांत पुढे, बाजूची छत्रं आठ-दहा दिवस मागे. सगळं एकदम पिकत नाही, त्यामुळे कापणीही हप्त्याहप्त्याने.

उशिराची ओळ आता कुठे फुलली आहे. झाडं वीत-दीड वीत उंच, छत्रं लहान. दुपारचं तापमान ३३ च्या पुढे.

२० मार्च

काल रंगपंचमी, राजवाड्याची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), शहरभर रंग. आज सकाळी साडेसहाला कापणी.

मधल्या छत्रांतल्या दाण्यांची टोकं हिरवी सोडून राखाडी-तपकिरी व्हायला लागली की कापायचं. पूर्ण वाळेपर्यंत झाडावर ठेवलं तर वाऱ्याने गळतात. सकाळचं दव असताना कापल्याने दाणे छत्राला धरून राहतात, ऊन चढल्यावर हात लावला की झडतात. छत्र देठासकट, टोपलीत खाली सुती ओढणी पसरून. मग चार-चार देठांच्या जुड्या बांधून कागदी पिशवीत तोंड खाली करून मागच्या खोलीत टांगल्या. उन्हात वाळवायचं नाही, सुगंध उडतो आणि दाणा फिका पडतो. पिशव्यांना भोकं पाडली आहेत, हवा खेळायला.

आता पाणी जवळजवळ बंद.

२९ मार्च

उद्या पाडवा. आज बाजूची छत्रं कापली. पहिल्या पेरणीचं काम संपलं.

उशिराच्या ओळीकडे बघून वाईट वाटतं. गेल्या आठवड्यातल्या कोरड्या वाऱ्याने तिची फुलं करपली, जे दाणे धरले ते चिमटीत दाबले की चपटे होतात. पाणी दोन्हींना सारखं, माती सारखी, बी सारखं. फरक वीस दिवसांचाही नव्हता, तोही नोव्हेंबरातला, पण त्याची भरपाई मार्चमध्ये करता येत नाही. बादलीतली अनीसही गच्चीच्या तापाने आठवडाभर लवकर पिकली. दाणे बारीक, पण भरलेले. गच्चीवाल्यांनी मार्च लागताच बादली पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत सरकवावी.

६ एप्रिल

जुड्या कुरकुरीत वाळल्या. दाणा दाताखाली वाकत नाही, तुटतो. पिशवीतच हाताने चोळून दाणे मोकळे केले आणि आईंनी सुपात पाखडले. काड्या आणि पोचट दाणे उडून गेले, राहिला तो राखाडी-हिरवा, जड दाणा. त्यांनी सूप हातात घेतलं की मी बाजूला होते, ते कौशल्य माझ्याकडे नाही.

मग टोस्ट. एका घाण्यात बडीशेप, एका घाण्यात अनीस, वजन सारखं, दाणे जरासे ठेचून. दोन्ही तव्यावर आधी भाजून घेतले नाहीत, कारण टोस्ट दोनदा भट्टीत जातो आणि तेवढ्यात तेल उडतं. अनीसचा घाणा भट्टीतून निघाला तेव्हा वहिनी जिन्यावरून विचारत आल्या. काकांनी दोन्ही चाखून अनीसचा दुसऱ्यांदा मागितला. मला वाटतं, पुढे टोस्टमध्ये अनीसचं प्रमाण बडीशेपेच्या पाऊणपटच पुरेल, वास एवढा भरतो. नानकटाईत मात्र बडीशेपच बरी, तुपाच्या वासाला ती जागा देते.

१३ एप्रिल

सर्वांत भरलेल्या मधल्या छत्रांचे दाणे बियाण्यासाठी वेगळे ठेवले आहेत. काचेची कोरडी बाटली, आत कडुनिंबाची वाळलेली पानं, वर चिठ्ठी: अनीस, पेरणी ५ नोव्हेंबर, काढणी मार्च. बाटली फडताळाच्या खालच्या खणात, जिथे मे महिन्यातही गार असतं. खाण्याचे दाणे दुसऱ्या बाटलीत, घट्ट झाकणाची. ओल राहिली तर मसाल्याचे बारीक भुंगेरे होतात, म्हणून महिन्याने एकदा उघडून बघायचं.

वहिनींना आणि काकांना पेरण्यापुरती पुडी दिली. काकांकडे अंगण मोठं, त्यांच्याकडे दोन वाफे होतील. ठरलं आहे ते असं: थर्मामीटर सकाळी २१ वर आला की त्याच दिवशी पहिली पेरणी, आठवड्याने दुसरी, आणि १० नोव्हेंबरनंतर काहीही नाही. तिसरी ओळ या वेळी कंपोस्टाच्या कमी-जास्त प्रमाणासाठी.

बडीशेप अजून वाफ्यात उभी आहे, पिवळी फुलं आणि हिरवा दाणा एकाच वेळी. तिला हे ऊन चालतं. दर तिसऱ्या दिवशी पाणी, आणि शेंड्यांवर मावा आहे का ते बघणं, मे लागेपर्यंत.